झरा वर, वाडी खाली, नळ कोरडा: पाणी आणायचं कसं?

शेवटचीएसटी | १८ एप्रिल, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, सह्याद्रीच्या अगदी कुशीत. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे चार लोकांबद्दल लिहायचंय आणि शिमग्याला मला तिथेच पालखी नाचवायचीय. ३१ घरं, त्यातली ९ कुलूपबंद. कायमची माणसं ७० च्या आसपास, पण मे महिन्यात आणि गणपतीत आकडा दीडशेवर जातो. एसटी खालच्या फाट्यापर्यंत, पुढे पाऊण तास चढ.

पावसाचं विचारू नका. वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर. श्रावणात भिंतीला हात लावला तर ओला होतो. आणि होळी पेटली की वाडीची बाव (विहीर) तळ दाखवते. एप्रिलपासून बायका पऱ्ह्यातल्या डवऱ्यावर. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: डवरा म्हणजे पऱ्ह्याच्या (ओढ्याच्या) वाळूत उकरलेला हातभर खड्डा. त्यात पाझरेल तेवढं पाणी करवंटीने उचलायचं आणि फडक्यातून कळशीत ओतायचं. माझी काकी, वय ६८, पहाटे चारला नंबर लावते. परवा मी तिच्या शेजारी घड्याळ लावून बसलो. एक कळशी भरायला पंचवीस मिनिटं. शेवटी शेवटी करवंटी नुसती खड्याला खरडत होती. काकी म्हणाली, "आता थांब, त्याला दम घेऊ दे." त्याला म्हणजे डवऱ्याला.

नळ नाहीत असं नाही हं. घराघरापुढे सिमेंटचा ठोकळा आहे, त्याला नळ आहे, वर योजनेचं नाव रंगवलंय. खाली नदीकडेला विंधण विहीर, तिथून पंपाने वरच्या टाकीत. दोन महिने पाणी आलं. मग मोटार जळाली. ती दुरुस्त झाली तर वीजबिल थकलं. ते भरलं तर विंधण विहिरीनेच मान टाकली. आता आमच्या नळाला पुतण्या सायकल टेकवून ठेवतो.

तर, वाडीच्या वर देवरहाटीच्या (देवाच्या नावाने राखलेल्या रानाच्या) कडेला एक झरा आहे. म्हातारी माणसं सांगतात, तो कधी आटलेला नाही. आमच्या मुंबई मंडळाकडे सव्वादोन लाख जमलेत. गेल्या रविवारच्या मीटिंगमध्ये ठरलं की झऱ्याला पाइप लावून पाणी खाली आणायचं, पंप नको, वीज नको. अंतर अंदाजे १,८०० मीटर. पाइप कुठला घ्यावा, टाकी केवढी बांधावी, परवानगी लागते का, आणि मुळात हे जमेल का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

हापूसचाबाठा | १८ एप्रिल, रात्री ११:२०

सायकल टेकवायला का होईना, नळ उपयोगी पडला म्हणायचा. धागा वाचतोय. आमच्याकडे हीच कथा, फक्त सायकलच्या जागी बकरी.

---

लेव्हलपाईप | १९ एप्रिल, सकाळी ७:०५

ग्रामीण पाणीपुरवठ्यात ३१ वर्षं काढून निवृत्त झालोय, म्हणून थोडं मास्तरकीच्या सुरात लिहितो.

पाइपचं दुकान नंतर बघू. आधी झरा मोजा. "कधी आटला नाही" हे माप नव्हे. करंगळीएवढी धारही न आटलेलीच असते.

पद्धत सोपी आहे. झऱ्याचं सगळं पाणी मातीचा बांध घालून एका पन्हळीतून पाडा, खाली २० लिटरची रंगाची बादली ठेवा आणि ती भरायला लागलेले सेकंद मोजा. तीनदा मोजून सरासरी घ्या. आज मोजा आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात परत मोजा. योजना त्या दुसऱ्या आकड्यावर आखायची. माझ्या नोकरीत मी फसलेल्या योजना भरपूर पाहिल्या. निम्म्यांच्या फायलीत स्रोताचं माप डिसेंबरचं होतं. डिसेंबरात कोकणातला प्रत्येक दगड पाणी देतो.

---

बांगडो | १९ एप्रिल, सकाळी ९:४०

आमच्या देवगडाकडे पण असोच प्रकार. टाकी बांधून पाच वर्सां झाली, तेका पाण्याचो थेंब लागूक नाय. पोरां तेच्यावर चढून मोबाईलची रेंज बघतत.

अवांतर: सिंधुदुर्ग किल्लो चारी बाजूंनी खाऱ्या समुद्रात, आणि आत दूध बाव, दही बाव, साखर बाव, तिन्हींचा पाणी गोडा. तेव्हाच्या माणसांका जागा बघूक येय होती.

---

शेवटचीएसटी | २१ एप्रिल, रात्री ९:१५

पुतण्याला व्हिडिओ कॉलवर घेऊन मोजायला लावलं. २० लिटरला १६० सेकंद. तीन वेळा मोजलं, फरक दोन-चार सेकंदांचाच.

---

माहेरवाशीण | २२ एप्रिल, दुपारी २:३०

माझं माहेर संगमेश्वर तालुक्यात डोंगरावर. आमच्याकडे अशी लाइन वीस वर्षांहून जास्त चालू आहे. शास्त्रात काय म्हणतात माहीत नाही, वाडीत सगळे "सायफन" म्हणतात. म्हणजे जमतं, काळजी नको. पण जे कुणी सांगणार नाही ते मी सांगते.

पाइप तुटायची कारणं आमच्याकडे पुढीलप्रमाणे. वणवा: फेब्रुवारीत कुणीतरी गवताला काडी लावतं आणि उघडा पाइप वितळून सापासारखा वळतो. माकडं: उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागते, पाइपातल्या पाण्याचा आवाज येतो, सांधा उपसतात. डुकरं: ओल लागली की मुसंडी मारतात. आणि खेकडे. हो, खेकडे. पहिल्या पावसात बारकं पिल्लू जाळीतून आत जातं, पाइपात मोठं होतं आणि पुढच्या वर्षी कुठल्यातरी वळणावर अडकून बसतं. माझ्या भावाने एकदा १४ ठिकाणी पाइप कापला तेव्हा महाराज सापडले. जाळी बारीक लावा आणि दर दीडदोनशे मीटरवर उघडता येणारा सांधा ठेवा.

दुसरं. टाकी कुठे, नळ कुठे, हे ठरवायला मीटिंगमध्ये बायका होत्या का? आमच्याकडे पुरुषांनी भक्तिभावाने देवळाच्या आवारात सार्वजनिक नळ बसवला. मग महिन्यातले चार दिवस ज्या बाईला बाहेर बसायचं तिने पाणी कुठून आणायचं? शेजारणीच्या हातापाया पडून. दोन वर्षांनी तो नळ आवाराबाहेर हलला, तोही माझ्या आईने भांडण काढलं म्हणून.

---

शेवटचीएसटी | २२ एप्रिल, रात्री १०:०८

ताई, मीटिंग परळला झाली. २३ माणसं होती. बाई एकही नव्हती. आमची टाकीची जागा "देवळामागे" ठरली होती.

---

माहेरवाशीण | २२ एप्रिल, रात्री १०:१९

बघा.

---

दगडधोंडे | २३ एप्रिल, सकाळी ११:४५

भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे मला पाइपपेक्षा झऱ्यात रस जास्त. एक विचारायचंय: झरा निघतो तिथे दगड कसा दिसतो?

का विचारतो ते सांगतो. किनाऱ्याकडे सडे, म्हणजे सपाट कातळमाथे आहेत, वर जांभ्याची टोपी. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी गटागटा पितो. त्याच्या खाली चिकण मातीचा थर लागतो, तिथे पाणी अडतं आणि सड्याच्या कडेला जिथे हा सांधा उघडा पडतो तिथून वाहायला लागतं. तुमच्यासारखी सह्याद्रीला चिकटलेली वाडी असेल तर मामला वेगळा. तिथे लाव्हाचे थर एकावर एक आहेत. थराच्या वरच्या भेगाळ भागात पाणी साठतं आणि खालच्या घट्ट थरावर आडवं सरकत बाहेर येतं.

एवढा पाऊस पडून उन्हाळ्यात पाणी का नाही, याचं उत्तरही यातच आहे. घाटमाथ्यापासून समुद्र सरळ रेषेत जेमतेम ५०-६० किलोमीटर. उतार तीव्र, नद्या आखूड. आणि दगडाच्या भेगांत मावतं किती, तर थोडंच. ही कोठी ऑगस्टमध्येच काठोकाठ भरते, नंतरचा पाऊस वरून निघून जातो. दिवाळीपासून कोठी रिकामी व्हायला लागते.

---

शेवटचीएसटी | २४ एप्रिल, सकाळी ८:३०

फोटो मागवला. वर काळा दगड, भेगा पडलेला. त्याच्या खाली वीतभर जाडीचा तांबडा पट्टा, गेरूसारखा, नखाने खरवडला जातो. पाणी बरोबर त्या पट्ट्याच्या वरून निघतंय.

---

दगडधोंडे | २४ एप्रिल, सकाळी ९:१०

अगदी पुस्तकातला झरा आहे तुमचा. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हा थरांमधली भाजलेली माती. पाणी तिच्यातून सहसा खाली उतरत नाही, म्हणून तिच्यावरून बाहेर येतं.

आता हात जोडून विनंती. त्या पट्ट्याला पहार लावू नका. "तोंड मोठं केलं की पाणी वाढेल" असं कुणीतरी हमखास म्हणणार. पट्टा फुटला की पाणी खाली मुरून भलतीकडे निघेल आणि तुम्ही बघत बसाल. सुरुंगाचं तर नावही नको. तसंच झऱ्यापुढे चेंबर बांधताना आतल्या पाण्याची पातळी झऱ्याच्या डोळ्यापेक्षा (पाणी निघतं त्या तोंडापेक्षा) वर जाऊ देऊ नका. पाणी तुंबलं की उलटा दाब बसतो आणि झरा दुसरी वाट शोधतो. ओव्हरफ्लोचा पाइप डोळ्याच्या खालीच हवा.

अवांतर: राजापूरची गंगा अशीच मंडळींना चकवते. १४ कुंडं, मधेच पाणी प्रकटतं, मधेच गायब. जमिनीखालच्या पोकळ्यांत सायफनसारखी क्रिया होते, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. म्हणजे माहेरवाशीण ताईंच्या वाडीचा शब्द तिथे जास्त शोभेल. तुमच्या पाइपात सायफन नाही, साधा उतार आहे.

---

हरितकोकण | २४ एप्रिल, दुपारी १:००

झऱ्याच्या वरच्या उतारावर पाणी मुरवायला आडवे समतल चर खणा की! श्रमदानाने होतं, खर्च नाही. सिक्कीममध्ये २००८ मध्ये "धारा विकास" म्हणून हेच सुरू झालं, रोजगार हमीतून चर खणून झरे जिवंत केलेत. आणि पऱ्ह्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारे घाला.

---

दगडधोंडे | २४ एप्रिल, दुपारी ४:२५

बंधाऱ्यांना अनुमोदन. पाऊस ओसरल्यावर घातले तर डवऱ्याला आणि बावीला नक्की फायदा, झऱ्याला नाही, कारण ते झऱ्याच्या खाली आहेत.

चरांबद्दल मात्र जपून. सिक्कीमच्या कामात आधी दगडांचे थर कुठे कलतात ते बघतात, झऱ्याला पाणी पुरवणारं क्षेत्र नेमकं शोधतात आणि मग तिथेच चर घेतात. सरसकट उतार खणत नाहीत. कोकणात तर तीव्र उतारावर मातीचा जाड थर आणि खाली घसरडा दगड असतो. अशा ठिकाणी जास्तीचं पाणी मुरवणं म्हणजे माती आणखी जड आणि ढिली करणं. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळली, ती आपण सगळ्यांनी पाहिली. ज्या उताराखाली घरं आहेत तिथे जाणकाराला दाखवल्याशिवाय कुदळ मारू नका. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात अर्ज करा, त्यांच्याकडे भूवैज्ञानिक असतात.

झऱ्यासाठी सगळ्यात स्वस्त काम म्हणजे वरचं जंगल न विकणं. वरची जमीन कुणाची आहे?

---

शेवटचीएसटी | २४ एप्रिल, रात्री ११:०२

निम्मी देवरहाटी, तिला कुणी हात लावत नाही. निम्मी आमच्याच भावकीची सामायिक. आणि खरं सांगायचं तर लाकूडतोडवाल्या ठेकेदाराशी तिची बोलणी चालू आहेत.

---

सातबारा | २५ एप्रिल, सकाळी १०:००

आता माझा विषय आला.

पाइप, चेंबर, टाकी ज्या ज्या गटातून जाणार त्या सगळ्यांचे सातबारा काढा. कोकणातला सामायिक सातबारा म्हणजे गणपतीची पंगत: ४०-४५ नावं, त्यातली निम्मी वारलेली, उरलेली विरार ते अंबरनाथ पसरलेली. संमतीपत्र तोंडी घेऊ नका. टाकीची जागा ग्रामपंचायतीच्या नावे बक्षीसपत्राने नोंदवून घेतलीत तर उत्तम. आज "घ्या की, आपलीच जागा" म्हणणाऱ्याचा मुलगा उद्या टाकीभोवती कुंपण घालतो.

वाटेत वनखात्याची जमीन असेल तर घाबरू नका, पण चोरूनही पाइप टाकू नका. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा. गावाच्या सोयीच्या ठराविक कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळवता येते, आणि त्या यादीत पिण्याचं पाणी व पाइपलाइन आहे. अट अशी की ग्रामसभेची शिफारस हवी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडावी लागू नयेत. पाइपाला तर एकही लागत नाही. ग्रामसभेचा ठराव, नकाशा आणि विहित नमुन्यातला अर्ज वनखात्याकडे.

आणखी एक. मंडळाच्या पैशाने केलंत तरी ग्रामपंचायतीला डावलू नका. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर हे उद्दिष्टच आहे आणि मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवल्याचं २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालंय. तुमचे नळ कागदावर "चालू" दिसत असतील. ग्रामसभेत लेखी नोंदवा की ते कोरडे आहेत. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत घ्या.

---

लालकार्ड | २६ एप्रिल, रात्री ८:४०

आरोग्य खात्यात आहे, ओळख पुरे. सगळे पाणी "आणण्या"बद्दल बोलताय, पिण्याबद्दल कुणीच नाही.

"झऱ्याचं पाणी, त्याला काय होतंय" हे वाक्य मी दर जूनमध्ये ऐकते आणि मग त्याच घरात सलाईन लावते. पहिल्या पावसात डोंगरावरचं वर्षभराचं शेण-माती झऱ्याच्या तोंडाशी येतं. त्यासाठी चेंबरच्या वरच्या बाजूला अर्धगोल चर काढून वाहतं पाणी बाजूला वळवा. चेंबरला झाकण आणि कुलूप, भोवती गुरं फिरणार नाहीत असं कुंपण.

प्राथमिक आरोग्य केंद्रातून पाणी तपासायची एचटूएसची बाटली मागा. खुणेपर्यंत पाणी भरून एक-दोन दिवस उबेत ठेवायची. काळी पडली तर पाणी दूषित. आणि टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. हजार लिटरला ५ ग्रॅम, आधी बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी टाकीत सोडायचं, अर्धा तास थांबायचं. मग शेवटच्या घराच्या नळाला ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं. पिवळं आलं पाहिजे. टाकीजवळ पिवळं आणि शेवटच्या घरात पांढरं, म्हणजे पावडर कमी पडली किंवा मेलेली आहे. पावडर मरते हो. पावसाळ्यात पोतं उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो आणि हातात चुना उरतो. ग्रामपंचायतींना पाणी किती सुरक्षित यावरून कार्डं देतात ना, हिरवं, पिवळं, लाल? लाल कार्ड मिळालेल्या गावात मी टीसीएलचं पोतं शाळेच्या मैदानावर रेघा मारायला वापरलेलं पाहिलंय.

---

शेवटचीएसटी | १९ मे, रात्री ९:३०

धागा वर काढतोय. या वेळी स्वतः गावी जाऊन मोजलं. त्याच बादलीला २०० सेकंद. एप्रिलपेक्षा ४० सेकंद जास्त. माझा जीव थोडा झाला.

---

लेव्हलपाईप | २० मे, सकाळी ६:५०

जीव मोठा करा, झरा चांगला आहे.

२० लिटरला २०० सेकंद म्हणजे सेकंदाला ०.१ लिटर. मिनिटाला ६, तासाला ३६०, दिवसाला ८,६४०. दीडशे माणसांना ५५ लिटरप्रमाणे लागतात ८,२५०. म्हणजे ऐन मे महिन्यात, सगळे मुंबईकर उतरलेले असतानाही भागतं, पण वर काही उरत नाही. ७० माणसांना ३,८५० पुरतात, तेव्हा निम्म्याहून जास्त पाणी पऱ्ह्याला सोडता येईल.

झरा रात्रीही वाहतो, माणसं रात्री झोपतात. म्हणून टाकी मोठी हवी, पाइप मोठा नको. जांभ्याच्या चौथऱ्यावर पाच-पाच हजाराच्या दोन काळ्या टाक्या बसवा. एक धुताना दुसरी चालू राहते.

चेंबर ते टाकी उंचीतला फरक तुम्ही ९० मीटर कळवलात. १० मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे एक किलो दाब, म्हणजे टाकीजवळचा कॉक कुणी बंद केला की तळाशी ९ किलो. दुकानदार तुम्हाला "६ केजी", म्हणजे ६ किलो दाबाचा, पाइप स्वस्तात देईल आणि पहिल्याच रात्री तो फाटेल. एक तर खालच्या टप्प्यात १० केजी घ्या, नाही तर मध्यावर, ४५ मीटर उतरल्यावर, एक छोटी टाकी ठेवा, आम्ही तिला बीपीटी (ब्रेक प्रेशर टँक) म्हणतो. पाणी तिच्यात पडलं की दाब शून्य, तिथून पुन्हा नव्याने सुरू. फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी बंद करणारा) मात्र चांगला घ्या.

३२ मिमीचा काळा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप पुरेल. सेकंदाला ०.१५ लिटर धरलं तरी किलोमीटरमागे घर्षणात तीन-चार मीटर उंची जाते, तुमच्याकडे ९० आहे. पीव्हीसी नको, उन्हात ठिसूळ होतो. मातीत दोन-अडीच फूट पुरा, कातळ लागेल तिथे जीआय (जस्त चढवलेला लोखंडी पाइप). आणि वाटेत कुठे चढ आहे का? पाइप खाली उतरून परत वर चढतो तिथे माथ्यावर हवा कोंडते आणि पाणी अडतं. लोक म्हणतात पाइप चोंदला, प्रत्यक्षात हवा असते. माथ्यावर एअर व्हॉल्व्ह, खळग्यात वॉशआउट (गाळ सोडायचा कॉक). मोबाइलच्या उंचीवर विसंबू नका, संशयाच्या जागी गवंड्याचा लेव्हल पाइप लावा. (आयडी उगाच घेतलेला नाही.)

---

शेवटचीएसटी | २ जून, रात्री ११:४८

दोन अडचणी. एक तांत्रिक नाही, दुसरीही नाही.

खालच्या वाडीची माणसं आली होती. त्यांच्या सुपारीच्या आगराला याच पऱ्ह्याचा पाट जातो. "तुम्ही आमचं पाणी वरच्यावर पळवताय." आवाज चढले.

दुसरी सांगायला लाज वाटते. आमच्या वाडीच्या अंगाला चार घरांची बौद्धवाडी आहे. टाकीपासून शेवटचा नळ तिथे जाईल. मंडळात काहींचं म्हणणं, "ती पुढच्या टप्प्यात बघू, पाइप संपतोय." पाइप संपत नाहीये. मी हिशोब केलाय, १२० मीटर लागतो.

---

चवदार | ३ जून, सकाळी ७:३०

तुमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडली की महाड. २० मार्च १९२७ ला तिथल्या तळ्यावर लोक ओंजळभर पाणी प्यायला गेले होते. तेव्हाही अडवणारे होतेच. तुमच्या मंडळाला एवढंच सांगा की त्या चार घरांतही "पुढच्या टप्प्यात" याचा अर्थ सगळ्यांना कळतो. मी त्याच अंगाच्या एका वाडीतला आहे. आमचा "पुढचा टप्पा" १९ वर्षांनी आला.

---

सातबारा | ३ जून, दुपारी १२:१५

चवदार यांच्याशी पूर्ण सहमत. शिवाय व्यवहाराचं बोलायचं तर ग्रामसभेच्या ठरावात "वाडीतील सर्व ३१ व बौद्धवाडीतील ४ घरे" असा आकड्यासकट उल्लेख करा. मग टप्पा उरतच नाही.

खालच्या वाडीला बादली घेऊन बोलवा. त्यांच्या डोळ्यांसमोर मोजा आणि ओव्हरफ्लो पऱ्ह्यातच पडेल हे लिहून द्या.

---

शेवटचीएसटी | २८ नोव्हेंबर, रात्री १०:३०

उशिरा लिहितोय. ग्रामसभेत ठराव झाला, ३५ घरांचा. त्या दिवशी काकी उभी राहून बोलली. आयुष्यात पहिल्यांदा. "डवऱ्यावर आमी त्यांच्याच बाजूला बसतो की, तेव्हा कुनाला टप्पा सुचला नाय." संपला विषय. टाकी देवळामागे नाही, शाळेच्या वरच्या माळावर.

खालच्या वाडीचे दोघे झऱ्यावर आले, मोजलं, आणि परत जाताना चेंबरच्या वाळूची गोणी त्यांनीच उचलली. सातबाऱ्यावर ४३ नावं. ३८ सह्या झाल्यात. एक जण म्हणतो आधी माझा आंब्याचा वाद मिटवा. जंगलाचा सौदा मोडला, पण ठेकेदाराची आगाऊ रक्कम परत करण्यात मंडळाचे चाळीस हजार गेले. वनखात्याचा कागद अजून टेबलावरून टेबलावर.

---

शेवटचीएसटी | ८ मार्च, संध्याकाळी ७:१०

पाणी आलं.

सकाळी ११ ला वरून कॉक सोडला. टाकीपाशी सगळी वाडी. अर्धा तास काहीच नाही. पाइपातून नुसती हवा, फुस्स फुस्स, म्हाताऱ्याच्या दम्यासारखी. पुतण्या वर पळत गेला, दुसऱ्या चढावरचा एअर व्हॉल्व्ह उलटा बसवला होता. सुलटा केला. मग आधी लाल पाणी, मग दुधाळ, मग नितळ. काकीने हात धुतले नाहीत की नमस्कार केला नाही. कळशी लावली आणि मला म्हणाली, "घड्याळ लाव." चाळीस सेकंद.

---

हापूसचाबाठा | ८ मार्च, संध्याकाळी ७:३०

डोळ्यात पाणी. (हेही ग्रॅव्हिटीनेच.) सायकल कुठे टेकवता आता?

---

लालकार्ड | ८ मार्च, रात्री ९:००

अभिनंदन. बाटली लावलीत का?

---

शेवटचीएसटी | ११ मार्च, रात्री ९:२०

लावली. पहिली काळी पडली, टाकीतला बांधकामाचा कचरा असणार. टाक्या धुऊन टीसीएल टाकलं, दुसरी स्वच्छ.

---

माहेरवाशीण | १२ मार्च, सकाळी ११:३५

छान झालं. आता सांगा, कॉक कोण सोडतं आणि पावडर कोण टाकतं? नाव ठरलंय का, की "आपण सगळे"?

---

शेवटचीएसटी | १२ मार्च, रात्री १०:००

घरटी महिना ६० रुपये. बंद घरांनीही, वर्षाचे एकदम, गणपतीत. त्यातून वाडीतल्या दोन सुनांना महिन्याला ठराविक मानधन. एक पावडर आणि वही बघते, दुसरी लाइन फिरते. पहिल्याच महिन्यात सात घरांनी दिलेले नाहीत, त्यातली पाच मुंबईची. मंडळाचे खजिनदार त्यात आहेत.

---

शेवटचीएसटी | १६ जुलै, रात्री ८:५५

माहेरवाशीण ताई, साष्टांग नमस्कार. सोमवारी पाणी थांबलं. तिसऱ्या सांध्यात खेकडा. जाळी लावली होती, पण सुनबाई म्हणतात चेंबर साफ करताना ती काढून ठेवली आणि वर दगड ठेवायचं राहिलं. वीस मिनिटांत काम झालं, कारण सांधे उघडणारे आहेत. खेकड्याचं कालवण झालं.

मे महिन्याचं माप टाकायचं राहूनच गेलं: २० लिटरला १९० सेकंद. गेल्या वर्षीपेक्षा दहा सेकंद कमी. जंगल राखल्यामुळे असेल का?

---

दगडधोंडे | १६ जुलै, रात्री ९:३०

एका वर्षावरून काहीही म्हणता येणार नाही. पाऊस लांबला असेल, मेमध्ये वळीव पडला असेल. पाच मे महिने मोजा, मग बोलू.

---

लेव्हलपाईप | १७ जुलै, सकाळी ६:४०

आणि बादली तीच ठेवा.